दगड डावीकडे फिरला

अमानवीय वगैरे म्हटलं की मी हसणाऱ्यांतला. धाराशिवच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि तुळजापूरच्या चिंतामणीचं उदाहरण दरवर्षी वर्गात द्यायचो. देवळाच्या आवारात हा गोल, गुळगुळीत दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा... उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. "दगड फिरत नाही, आपलेच हात नकळत त्याला फिरवतात," असं मी पोरांना ठणकावून सांगायचो.

मागच्या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. रोज व्यायाम केला तर काठीनं चालतील, पण उशीर केला तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांनी जळकोटच्या शाळेत जन्मभर क्लार्की केली, आणि हट्ट तर विचारू नका. पाय उचलायलाच तयार नाहीत.

"नशिबात चालणं असंल तर चालीन. न्हाय तर उगं कशाला जिवाला तरास?"

मी चिडलो, विनवण्या केल्या. शेवटी तेच म्हणाले, "तुळजापूरला ने. चिंतामणीला इचारू. व्हय म्हणला तर तू सांगशील ते करतो."

मी लगेच तयार! त्यांच्या हातांवर हात ठेवून मीच दगड उजवीकडे रेटणार होतो. देवीच्या दारात लबाडी... पण बाप चालायला हवा होता.

भर दुपार होती. अण्णांना आधार देऊन बसवलं, त्यांचे हात दगडावर ठेवले, वर माझे. रेटायला लागलो आणि... कसं सांगू? आजूबाजूचा गलका लांब लांब गेला. हळदीकुंकवाचा वास तेवढा राहिला. दगड कोमट लागत होता. डोळ्यांवर झापड यावी इतकं शांत वाटत होतं. आणि तो फिरू लागला, ताकावर लोण्याचा गोळा फिरावा तसा, अलगद — डावीकडे. मी सगळा जोर उजवीकडे लावला. मनगटं भरून आली. तो आपला डावीकडेच.

"आवरा की दादा," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे आवाज एकदम परत आले.

माझं तोंड उतरलं होतं. अण्णांचा चेहरा मात्र खुललेला. "उजवीकडं फिरला रं! चल, घरी चल."

त्यांना नीट दिसलं नसेल, असं मी धरून चाललो आणि त्यांना आधार देऊन उठवलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी व्यायाम धरला. घामाघूम व्हायचे, कळवळायचे, मला शिव्या घालायचे, पण एक दिवस चुकवला नाही. आठ महिन्यांनी काठी टेकत कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. मी मागे मागे, डोळे पुसत.

तिथं मला राहवलं नाही. "अण्णा, दगड डावीकडे फिरला होता."

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "ठाव हाय. एका हातानं का हुईना, म्या बी उजवीकडंच रेटत हुतो."

"तुम्हीसुद्धा?"

"मंग? मला काय खाटंवर पडायची हौस हुती व्हय?"

"मग खोटं का बोललात?"

"तुझं तोंड बघवंना रं."

आम्ही दोघंही उजवीकडे रेटत होतो. मग तो डावीकडे कसा फिरला? आणि तो नकार खरा असेल, तर अण्णा चालतात कसे? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा... अण्णांना पुन्हा विचारावं म्हटलं, तर हल्ली ते घरात सापडतच नाहीत.