दत्तामामांचं बंद घर नकाशावर

मंडळी, आज डिचोलीत नवशिक्यांची एक कार्यशाळा होती. जुन्या इमारतींची माहिती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळावर कशी नोंदवायची, ते शिकवत होते. मी आमच्या हळर्ण गावाहून गेले होते.

प्रत्येकाने एक इमारत नोंदवायची होती. मी शेजारच्या दत्तामामांचं घर निवडलं. मामा हल्ली मुंबईला लेकीकडे असतात, त्यांना विचारलंही नव्हतं. कुलूप लावलेल्या दारासकट फोटो चढवला, नकाशावर खूण केली.

बाजूला बसलेला सावंतवाडीकडचा माणूस माझ्या स्क्रीनकडेच बघत होता. "घर बंद आसा? मालक खंय असतत?"

"हंयच असतत," मी खोटंच सांगितलं. "तुम्ही काय करतास?"

"जागांच्या खरेदी-विक्रीचांच बघतंय."

गोव्यात खोटी कागदपत्रं करून बंद घरांचे मालक परस्पर कसे बदलतात, ते वेगळं सांगायला नको. मी लगेच खूण पुसली. तर शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुसलं तरी जुनी नोंद मागे राहतेच. कुणीही उघडून पाहू शकतं."

बसमधूनच मामांना फोन करून सगळं सांगितलं.

"परत घाल ती खूण," मामा म्हणाले. "उद्या कोणी घर पाडलां, तर हंय घर होतां ह्यां तरी लोकांका कळात."

आत्ताच खूण परत घातली. तो माणूस कदाचित भलाही असेल. तरी घरी शिरण्याआधी मामांच्या दाराचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

तुमच्या शेजारचं बंद घर तुम्ही असं जगाला दाखवाल?