उघडलं की तुमचं

"न खाल्लेली वाटी परत आली की तिचं काय होतं?" मी विचारलं.

"पुढच्या टेबलावर जाते," इबू यान्ती म्हणाल्या. इतक्या सहज, की मी लिहिता लिहिता थांबले.

मी दोह्यात फूड सेफ्टी कन्सल्टंट आहे. म्हणजे हॉटेलांच्या किचनमध्ये जायचं, फ्रीजचं तापमान बघायचं, झाकणं उचलायची, वास घ्यायचा, आणि इन्स्पेक्टरच्या आधी चुका आपणच काढून द्यायच्या. मुऐदर भागातलं हे छोटं इंडोनेशियन रेस्टॉरंट आमचं नवं क्लायंट. टेबलावरून परत आलेलं अन्न पुन्हा वाढतात, असा शेरा इन्स्पेक्टर मारून गेला होता. पुढच्या भेटीपर्यंत हे थांबलं नाही तर रेस्टॉरंट बंद. नवरा गेल्यावर इबू यान्तींनी होतं नव्हतं ते सगळं या जागेत घातलं होतं. इबू म्हणजे आई. तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला तसंच म्हणतात. मीही म्हणू लागले. बोलायचो मात्र इंग्रजीत.

त्या सुमात्रा बेटावरच्या पाडांगच्या. "आधी जेवा, मग नियम सांगा," म्हणाल्या. मी बसले. काय हवं ते कुणी विचारलंच नाही. देदी नावाचा वेटर एका हातावर कोपरापर्यंत वाट्यांची उतरंड रचून आला आणि बघता बघता टेबल भरलं. रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवून काळपट केलेलं बीफ. माशाची पिवळी गुलाई, आपल्या कालवणाची चुलत बहीण. सुकवून तळलेल्या मांसाच्या पातळ चकत्या, वर लाल मिरची, तिचं नाव देनदेंग. टॅपिओकाच्या पानांची भाजी. मी वसईची, नारळाच्या वासाने मला परकं असं काही वाटेना.

या पद्धतीला ते हिदांग म्हणतात. पुढ्यात सगळं येतं, हवं ते खायचं, आणि ज्याला हात लावला त्याचंच बिल. चमचाभर रस्सा घेतला तरी वाटी तुमची. बाकीच्या परत जातात. मला हसू आलं. हा तर आपला उष्ट्याचा नियम. आमच्या घरीही हात न लागलेलं कालवण पातेल्यात परत जातंच, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण रेस्टॉरंटमध्ये उघडी वाटी टेबलावर गेली की संपलं. तिच्यावर कोण शिंकलं, कोण खोकलं, कुणी बघितलंय?

माझा बॉस नासिर मलबारी. त्याने फोनवरच निकाल लावला. "मॅडम, मेनू कार्ड बनाओ. जो मांगेगा वही देना. खलास."

मी ते इबूंना सांगितलं. त्या टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "विचारलं की माणूस लाजतो. ज्याच्या खिशात कमी असतं तो म्हणतो, एवढंच पुरे. म्हणून न विचारता सगळ्यांचं टेबल सारखंच भरायचं. मग कोण काय खातो ते त्याचं त्याला माहीत. मेनू कार्डवालं हॉटेल मला नकोय, मॅडम."

नियम माझ्या बाजूने होता, पण मला त्या बरोबर वाटत होत्या, आणि याचा मला रागही येत होता.

अल मन्सूरा भागातल्या आमच्या घरी आले तर विल्सन, माझा नवरा, नेहमीप्रमाणे पातेल्यात डोकावत होता. मी सवयीने ओरडले, "झाकण उघडलंस ना, आता तूच संपव." लेक हसून म्हणाली, "मम्मा, दॅट्स युअर रूल फॉर एव्हरीथिंग." मी चप्पल न काढताच नासिरला फोन लावला.

ठरलं ते असं: प्रत्येक वाटीला काचेचं झाकण, त्यावर कागदाची पट्टी. पट्टी फाटली की वाटी तुमची. न फाटलेली परत जाईल ती गरम कपाटात, तीही ठरलेल्या वेळेपुरतीच. इबूंनी ओळखीच्या लोकांना बोलावून ट्रायल घेतली. ती साफ फसली. वाफेने झाकणं धुरकटली, आत काय आहे दिसेना, म्हणून प्रत्येकाने सगळ्याच पट्ट्या फाडून बघितल्या. आमच्या हुशारीने अन्न दुप्पट वाया गेलं. इबू फाटलेल्या पट्ट्या एकेक करून गोळा करू लागल्या, तेच जास्त लागलं.

उपाय देदीने काढला. तो वाटी ठेवताना तिचं नाव घेऊ लागला. रेंदांग. गुलाई. देनदेंग. विचारणं नाही, नुसतं सांगणं. लोक ऐकून हात पुढे करू लागले.

इन्स्पेक्टर आला तो थर्मामीटर घेऊन. टेबल भरायला लावलं आणि एकेक पट्टी फाडून प्रत्येक वाटीचं तापमान घेतलं. सगळी बरोबर निघाली.

"आता यांचं काय?" त्याने इबूंना विचारलं.

"उघडलं की तुमचं, सर."

"मी ड्यूटीवर आहे."

तो हलेना. मला कळलं, खरी तपासणी ही होती: उघडलेलं अन्न परत आत जातं की नाही. इबूंनी वाट्या स्वतः उचलल्या आणि एकेक करून कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या केल्या. सकाळपासून ढवळलेलं रेंदांग शेवटी टाकलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. इन्स्पेक्टरने सही केली, शुक्रन म्हणून आभार मानले आणि तो गेला.

संध्याकाळी मी विल्सनला आणि लेकीला घेऊन तिथेच जेवायला गेले. शेजारच्या टेबलावर तोच इन्स्पेक्टर, बायकोमुलांसकट. धाकटा झाकणाकडे झेपावला तसं बापाने त्याचं मनगट धरलं आणि देदी नाव सांगेपर्यंत सोडलं नाही. पोटभर जेवून, बिल देऊन ते उठले.

थोड्या वेळाने देदीने आमचं टेबल मांडलं. त्यांच्याकडून बंद परत गेलेली एक वाटी फिरून आमच्याकडे आली असणारच. कुठली ते मला ओळखू येईना. स्वतः केलेल्या नियमावर आपला किती विश्वास आहे, हे कागदावर कळत नाही. मी क्षणभर थांबले, आणि पहिली पट्टी फाडली.