विमानातल्या दुर्बिणीआधी मामाची जीप

लिंबाचा वास आला की मला मामाची जीप आठवते. विमानात दुर्बीण बसवलेली नवी वेधशाळा निघाली आणि पहिल्याच फेऱ्यांत मला तारे टिपायची संधी मिळाली; पण माझं पोट एसटी नुसती सुरू झाली तरी उलटायचं! अकोले गावचा जीपवाला मामा म्हणाला, "भाच्या, हुंगायचं लिंबू फेक. माज्या जीपीत टिकलास, तर इमानात घोरशील." भंडारदऱ्याच्या वळणांवर त्याने जीप अशी उडवली, की घारी बाजूला सरून वाट देऊ लागल्या. मागची म्हातारी किंचाळली, "मुडद्या, रस्ता खाली ऱ्हायला की!" धरण आलं, तरी पोटातली भाकरी जागची हलली नव्हती. पुढे विमानाने गचके खाल्ले, तेव्हा बाकीचे शास्त्रज्ञ पिवळे पडले आणि मी लाडू खात तारा टिपला. आता नवख्यांना मी एवढंच सांगतो, अर्ज नंतर करा, आधी अकोल्याला जा.