मुंदूडी

आक्का गेल्याचा निपाणीहून फोन आला तेव्हा मी खासबागेतल्या आमच्या ऑफिसात एका वेबसाइटचा रंग बदलत बसलो होतो. फोन ठेवला आणि तरीही पाच मिनिटं रंगच बदलत राहिलो...

सुनंदाआक्का आमच्या चार जणांच्या ऑफिसातली टेस्टर. आम्ही वेबसाइट बांधायची, तिनं मोडून दाखवायची. टेबलाच्या खणात तिनं तडे गेलेले सात जुनाट फोन जमवले होते, प्रत्येकात निराळा ब्राउझर. एकात बटण गायब व्हायचं, दुसऱ्यात अक्षरं एकमेकांवर चढायची, आणि आक्काला कोण आनंद व्हायचा! पण तिचा खरा भरवसा माणसांवर. भाजीवाली, रिक्षावाला, कुणालाही चहा पाजून ती फोनपुढं बसवायची. एकदा एक मावशी अडखळल्या, तर मी न राहवून म्हणालो, "खाली बघा, खाली." आक्का कडाडली, "तू गप बस रं! उद्या त्यांच्या घरी जाणार हाईस व्हय सांगाय?" मला भयंकर राग आला होता.

मग तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ती रजेवर असताना नेमकी तिच्याच दवाखान्याच्या नोंदणीची वेबसाइट आमच्याकडे आली. घाई होती. कन्नड बटणं मीच लिहिली. बोलता येतं म्हणजे लिहिताही येतं, हा आम्हा सीमाभागातल्या लोकांचा जुना माज. कन्नडात 'मुंदे' म्हणजे पुढे, म्हणून 'पुढे चला'च्या जागी मी 'मुंदूडी' ठोकून दिलं आणि कुणालाही न दाखवता वेबसाइट सुरू केली.

ती गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा तिचे यजमान, अण्णा, म्हणाले, "ती ग्लानीत होती, म्हून मीच फोनवर डायलिसिसचा नंबर लावाय बसलो. सगळं भरलं. शेवटी मुंदूडी म्हणून आलं. दवाखान्यानंच पुढं ढकललंय, म्हटलं. दोन दिवस थांबलो रं..."

मुंदूडी म्हणजे पुढे ढकला. हे मला त्यांच्या तोंडून कळलं.

डॉक्टर म्हणतात, तशीही ती फार दिवसांची सोबती नव्हती. म्हणोत बापडे. ते दोन दिवस तिचे होते. परत आल्या आल्या बटण दुरुस्त केलं, मिनिटभराचं काम.

अण्णांना मात्र अजून सांगितलेलं नाही. तीनदा निपाणीला गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो. शेवटी हे लिहायला घेतलं, आणि लिहिताना कळलं की इथंही मी लपलोच आहे. अण्णा मराठी झकास बोलतात. वाचतात फक्त कन्नड.