भिंतीतला एकच पॉइंट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना वर्ध्याच्या हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत तिघी राहायचो. मी आर्वीची, घरचं किराणा दुकान. दुसरी हिंगणघाटची. ती शुक्रवारी घरी पळायची आणि पुष्कळदा आठवड्याच्या मधेच कधीतरी उगवायची. तिसरी नाचणगावची. तिचे वडील गावातल्या शाळेत शिपाई होते आणि त्यांच्या घरातली इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच. माझं खरं पटायचं ते तिच्याशी. सकाळी मेसला आम्ही बरोबर जायचो, आणि माझ्या केसांचा गुंता तिच्याशिवाय कोणाकडून सुटायचा नाही.

खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. खिडकीच्या गजाला फोन टेकवला तर एखादी दांडी यायची आणि जायची. भिंतीत मात्र इंटरनेटचा एक पॉइंट होता, माझ्या पलंगाच्या डोक्याशी. कॉलेजचा नियम असा की एका मुलीला एक आयडी आणि एका आयडीवर एकच उपकरण. पॉइंट एक, वायर एक, त्यामुळे तिघींपैकी एकीचाच लॅपटॉप चालायचा आणि बाकीच्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या दुकानात जुना राउटर पडलेला दिसला. तो मी घेऊन आले. भिंतीतली वायर राउटरमध्ये घातली, माझ्या आयडीने लॉगिन केलं आणि राउटरला माझ्या लॅपटॉपचा पत्ता दिला, म्हणजे कॉलेजच्या यंत्रणेला वाटावं की हा माझा लॅपटॉपच आहे. पहिले दोन तास काही जमेना. नाचणगावची माझ्या शेजारी पलंगाखाली वाकून मोबाइलचा टॉर्च धरून होती. तिची मान अवघडली, पण ती उठली नाही. मग एकदम तिचा फोन जोडला गेला. तिने लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

"जयभीम बाबा. दिसून राह्यलं का नीट?"

"दिसते ना. चष्मा काऊन नाई लावला तू?" एवढंच तिच्या वडिलांचं पहिलं वाक्य. आम्ही दोघी कितीतरी वेळ हसलो.

तीन फोन, दोन लॅपटॉप आणि हिंगणघाटच्या मुलीचा टॅब, अशी सहा उपकरणं त्या एका वायरवर चालायला लागली. राउटरच्या यादीत ती विचित्र आकड्यांनी दिसायची, म्हणून मी प्रत्येकाला नाव दिलं. आर्वी लॅपटॉप, आर्वी फोन, हिंगणघाट टॅब, नाचणगाव फोन. लाइट गेली की राउटर बंद पडायचा आणि पुन्हा सगळं लॉगिन करावं लागायचं, म्हणून मी त्याला एक छोटी बॅटरीही लावली. त्यानंतर तो कधीच बंद पडला नाही. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

फेब्रुवारीत एकदा कपडे वाळत घालताना नाचणगावचीने मला विचारलं, "आपल्या खोलीतून काही पाठवलं तं कोनं पाठवलं ते समजते का?"

"नाई समजत. बाहेरून आपण तिघी एकच दिसतो. माही आयडी दिसते फक्त."

"मंग तुले तरास होईन."

"मले काऊन होईन? कायले विचारून राह्यली?"

"अशीच," ती म्हणाली आणि उरलेले चिमटे दोरीला लावत बसली.

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या दिवसांत ती जेवायची कमी, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून गप्प असायची. आमच्या लॅबचे एक सर मुलींचे मार्क अडवून त्यांना केबिनमध्ये एकटं बोलावतात, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मला त्यांनी कधी बोलावलं नव्हतं आणि कोणाकोणाला बोलावतात याचा मी हिशेब ठेवत नव्हते.

पंधरा दिवसांनी मला प्राचार्यांच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथे प्राचार्य आणि आमच्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम बसल्या होत्या. मला बसायला खुर्ची दिली. कॉलेजच्या तक्रार पोर्टलवर त्या लॅबच्या सरांविरुद्ध कोणीतरी निनावी तक्रार केली होती. ते पोर्टल फक्त कॉलेजच्या नेटवर उघडायचं आणि नाव गुप्त राहील असं त्यावर ठळक लिहिलेलं होतं.

"ही तू लिहिलीस?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर."

"बुधवारी सकाळी साडेअकराला तुझ्या आयडीवरून गेलीय."

"मी तेव्हा वर्गात होते सर. हजेरी आहे माझी."

"मग कोणी लिहिली?"

प्राचार्य रागावले नाहीत. माझ्या वडिलांना आपण ओळखतो, सज्जन गृहस्थ आहेत, असं म्हणाले. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे, असं खोट्यानाट्या आरोपांचं प्रकरण आयडीवर राहिलं तर कठीण जाईल, असंही म्हणाले. मग एका आयडीवर इतर मुली कशा आल्या हे विचारलं आणि मी राउटरचं सांगून टाकलं. रेक्टर मॅडमना त्यातलं काही कळत नव्हतं. प्राचार्यांना कळत होतं.

"राउटरमध्ये नोंद असेल. कोणता फोन किती वाजता जोडला गेला ते. मॅडमना घेऊन जा, दाखव त्यांना."

त्या दिवशी खोलीत कोणी नव्हतं. मॅडम दारातल्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने वारा घेत राहिल्या. राउटर माझ्या पलंगाशी, हाताच्या अंतरावर होता. बॅटरीतून राउटरला जाणारी पिन काढली असती तर सगळी नोंद पुसली गेली असती. जुना राउटर होता, बंद झाला की त्याला काही आठवत नसे. मॅडमना मी सांगू शकत होते की यात काही दिसत नाही, आणि त्यांनी ते मानलं असतं. हे सगळं मला तेव्हाच, तिथे बसल्या बसल्या, नीट समजत होतं. कपडे वाळत घालताना नाचणगावचीने विचारलेलं मला आठवलं होतं आणि तिचा रागही आला होता. माझ्या आयडीवरून पाठवायचं आणि मला सांगायचंसुद्धा नाही, असं मी मनात म्हणत होते. तो राग मी धरून ठेवला, कारण तो सुटला असता तर मग माझा हात त्या पिनेकडे गेला असता.

मी लॅपटॉप उघडला. बुधवारी सकाळी फक्त एकच उपकरण जोडलेलं होतं. ती ताप आलाय म्हणून खोलीतच थांबली होती, मीच तिला मेसमधून चहा आणून दिला होता. नाचणगाव फोन, दहा बावन्नपासून बारापर्यंत. नाव मीच टाइप केलेलं.

"हा कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. शाळेतला खाकी शर्ट घालूनच आले होते, सुट्टी मिळाली नसावी. ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर जिन्यात उभी होते. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. ते टेबलासमोर उभे, ती त्यांच्या मागे. पुराव्याशिवाय शिक्षकाची बदनामी आणि हॉस्टेलमध्ये बेकायदा राउटर, अशी दोन कारणं लिहिलेलं, तिला हॉस्टेलमधून काढून टाकल्याचं पत्र त्यांच्या हातात दिलं. राउटर माझा होता. मला फक्त समज दिली गेली.

"साहेब, पोरगी खोटं नाई बोलत माही," ते म्हणाले. एकदाच म्हणाले.

ती सामान भरत असताना मी खोलीत गेले. बादली, गादी, पुस्तकांची पेटी. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुले धमकावलं का त्यायनं?"

"हो," मी म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. तिने मान हलवली आणि गादीची दोरी आवळली. तिच्या वडिलांनी पेटी उचलली आणि जाताना मला म्हणाले, "येतो बाई." स्टँडवर मी त्यांच्याबरोबर गेले नाही.

ती परीक्षेला आली नाही. हिंगणघाटच्या मुलीने खोली बदलून घेतली आणि का ते कोणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते सर तिथेच राहिले. मी पास झाले, पुण्यात नोकरीला लागले, नेटवर्कच्याच कामात. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी तो एकदाही लावला नाही.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी पुलगावला गेले होते. तिथून नाचणगाव लागूनच आहे. विचारत विचारत गेले तर ती भेटली. बसथांब्याजवळ एका गाळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने स्टूल पुढे सरकवलं.

मी बरंच काही बोलायचं ठरवून आले होते. बोलले ते अर्धवट. मला तो राउटर बंद करता आला असता, असं सांगितलं.

"मले नव्हतं माहीत ते," ती म्हणाली. "बरं झालं नव्हतं माहीत."

मग मी विचारलं, त्या तक्रारीत तिने कोणाकोणाचं लिहिलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की वर्गात ऐकलेलं तिने सगळ्यांच्या वतीने लिहिलं असेल.

"दुसऱ्या कोणाचंच नाई. माह्या एकटीचंच लिवलं होतं," ती म्हणाली. "तुले वाचूनसुद्धा नाई दाखवलं का त्यायनं?"

मी नाही म्हणाले. तेवढ्यात एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद घेऊन आली. नाचणगावचीने ते हातात घेतले आणि उत्पन्नाचा दाखला जुना आहे, तहसीलमधून नवा आणावा लागेल, असं त्या बाईला समजावून सांगायला लागली. बाईला एकदा सांगून कळेना, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. मी थोडा वेळ थांबले. मग उठले आणि जाते म्हणाले. ती कागदांवरून मान वर न करता "हो" म्हणाली. ये म्हणाली नाही.