अख्ख्या हंगामाचा डॉलर

दुबईचा फोन ठेवला आणि शेटनं समोरच्या पेटीतला हापूस सुरीनं चिरला. आत साका. वरून पिवळाधमक आणि कोयीभोवती पांढरा, रबरासारखा गर. दुसरा चिरला, तिसरा चिरला. आम्ही आंबे निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होतो.

"तिकडच्या पार्टीनं पुढची सगळी ऑर्डर रद्द केली," शेट म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "मावशे, आंब्याचं जाऊ दे गं. मी डॉलर बांधलेत."

वाशीच्या बाजारात त्याचा गाळा होता. माणूस आमच्या साताऱ्याकडचा, अंगानं काटक, एका जागी न बसणारा. जेवायचाही उभ्यानं. बोलण्यात एकच पालुपद, "अर्धा शब्द नसतो." असली माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्याजवळ काम करताना आपल्याच पायांना मुंग्या येतात.

डॉलर बांधणं म्हणजे काय, ते त्यानंच मला सांगितलं होतं. दुबईचे पैसे डॉलरात यायचे, तेही पेट्या पोचल्यावर. तोवर डॉलर उतरला तर हातात रुपये कमी. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच बँकेशी भाव ठरवायचा. हंगामात इतके डॉलर ह्याच भावानं तुम्हाला देईन, मग तो चढो की पडो.

ठरवायला गेला तेव्हा बँकेतल्या साहेबाला द्यायची पेटी उचलून मीही बरोबर होते. साहेब म्हणाला, "काका, निम्मेच बांधा. आंब्याचं काय सांगावं?" शेटनं खांद्यावरचा टॉवेल साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, आणि ठरला की अख्ख्या मालाला लागू. साहेबानं हात ओढून घेतला.

"अहो काका, इथं सही लागते!"

सगळी बँक हसली. शेटही हसला.

"सही तर सही. पण निम्मं नाय. अर्धा शब्द नसतो."

आणि सही केली, अख्ख्या हंगामाची.

आता आंबाच जाणार नव्हता, तर डॉलर कुठून येणार? बँकेला मात्र द्यायचेच होते. त्यातच सरकारनं चाचणी म्हणून वाळवंटात अणुबाँब फोडले आणि डॉलर चढायला लागला. महाग विकत घ्यायचे, ठरल्या स्वस्त भावानं बँकेला द्यायचे, मधला फरक शेटच्या अंगावर. हातचे पैसे कोकणातल्या बागवाल्यांना आगाऊ दिलेले. उरला होता तो गाळा.

बँक म्हणाली, सौदा मोडा, मोडाल त्या दिवसाच्या भावानं फरक भरा. दिवस कुठला धरायचा ते शेटनं ठरवायचं. तिथंच त्याचा जीव टांगला. फोन करायचा, भाव विचारायचा, पेटीवर टेकायचा, उठायचा, परत फोन.

शेजारचा गाळेवाला ओरडायचा, "काय शेट, डॉलर बाळंत झाला का नाय अजून?"

मी म्हणायची, "बसा जरा. चहा निवला."

"मी बसलो की तो चढतो गं. उतरल, उद्या उतरल."

उद्या आला की आणखी वर. एका दुपारी मी सरळ विचारलं, "मोडा नायतर ठेवा, पण आमाला सांगा. आमी दुसरीकडं काम बघायचं का?"

त्यानं चप्पल घातली आणि बँकेत गेला. आला तो एकच शब्द बोलला, "मोडला."

फरक भरायला गाळा विकला. पुढं डॉलर थोडा उतरला. शेजारच्या गाळेवाल्यानं मुद्दाम नेरूळला त्याच्या घरी जाऊन ते सांगितलं. काय नडलं होतं त्याचं?

दिवाळीच्या आधी शेट वारला. झोपेत गेला, असं त्याची बायको म्हणाली. नव्या मालकाला निवडणाऱ्या बायका लागणारच होत्या. आम्ही तिथंच राहिलो.