चौघांतला तिसरा

सौसरच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडणूक, सगळ्यांचं छापतो. ऑर्डर घेताना आधी विचारतो, मराठीत की हिंदीत? मग विचारतो, नाव केवढं? दुसऱ्या प्रश्नावर लोक जास्त वेळ घेतात. बारा वर्षांच्या धंद्यानंतर माझं मत असं झालंय की माणसाला एक वेळचं जेवण कमी चालेल, नाव लहान चालत नाही. याला अपवाद म्हणून मला एकच माणूस भेटला, गजेंद्र, आणि नेमकं त्याचंच नाव मी फुगवून ठेवलं.

गजेंद्र माझा शाळासोबती. आता छत्तीस वर्षांचा आहे. गेली नऊ वर्षं तो समुद्रावर फिरणाऱ्या प्रवासी जहाजांवर वाद्य वाजवतो. सात महिने जहाजावर, दोन महिने घरी. ही जहाजं हौसेनं फिरणाऱ्या लोकांची, चौदा मजली, आपल्या लोधीखेड्याची निम्मी वस्ती आत मावेल एवढी. तिथं नाच-गाण्याचा धिंगाणा असतोच, पण एका दालनात शांत बसून ऐकायचं जुनं विलायती शास्त्रीय संगीतही असतं. त्यासाठी चौघांचा एक संच असतो. दोन व्हायोलिन, एक चेलो म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, आणि मध्ये गजूचं व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, आवाजानं जाड. सगळ्यात पुढं बसते ती इलोना नावाची हंगेरीची बाई. मुख्य चाल तिची. गजूची खुर्ची तिसरी.

हे तो शिकला नागपूरला. बापानं पाठवलं होतं बी.एस्सी. करायला. खोलीच्या मागच्या गल्लीत गोव्याचे एक निवृत्त बँडमास्तर राहायचे, ते पोरांना व्हायोलिन शिकवायचे. त्यांच्याकडे व्हायोलिनवाले सहा होते आणि व्हायोला वाजवायला कोणी तयार नव्हतं. गजू म्हणाला, मी वाजवतो. शाळेतही कबड्डीत कोणाला नको असलेली जागा हाच घ्यायचा. बी.एस्सी. झालं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही, आणि त्यानं सांगितलेलं नाही.

जहाजावरच्या थाटाची मला फार उत्सुकता होती. त्यानं सांगितलं ते असं. राहायची खोली पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दुसऱ्या एकासोबत. संध्याकाळपासून तीनदा वाजवायचं, प्रत्येक वेळी पाऊण तास, काळा कोट घालून. समुद्र खवळला की चेलोची खालची टोकदार सळई संगमरवरावरून घसरते, म्हणून खाली गालिच्याचा तुकडा. स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे, ते हा सौसरच्या बाजारातून घेऊन जातो. जहाजावर काही संकट आलं तर वादकांनी वाद्यं ठेवून पिवळी टोपी घालायची आणि चौथ्या मजल्याच्या जिन्याशी उभं राहून लोकांना वाट दाखवायची. ऐकायला येणारे बहुतेक म्हातारे. एक जण रोज पहिल्या रांगेत बसून झोपायचा आणि वाजवणं थांबलं की जागा होऊन टाळ्या वाजवायचा. यात थाट कुठं आला ते मला अजून सापडलेलं नाही.

आता त्याचे वडील. भगवंतराव, वय बहात्तर. रामाकोन्याच्या रस्त्यावर पाच एकर संत्र्याचा बगीचा, आणि चाळीस वर्षं भजनाचा नाद. आमच्याकडे देवीदासबुवांचं मंडळ नावाजलेलं. पांढुर्ण्यापासून जामसांवलीपर्यंत त्यांना मागणी होती. बुवा पेटी घेऊन समोर बसायचे, आणि मागे पाच-सहा जण त्यांची ओळ उचलून धरायचे. याला झील धरणं म्हणतात. भगवंतराव झीलकरी. बुवांचा दम तुटायच्या आत आवाज खालून द्यायचा, मध्ये सुईएवढंही भोक पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. ते त्यांना असं जमायचं की ऐकणाऱ्याला वाटे बुवांना दम लागतच नाही. लोक बुवांच्या पाया पडायचे. मंडळाची सीडी निघाली तेव्हा तिचं कव्हर मीच छापलं. वर बुवांचं नाव, खाली ‘आणि संच’. भगवंतराव त्या ‘आणि संच’मध्ये.

हे त्यांना किती लागलं होतं ते मला उशिरा कळलं. पोरगा जहाजावर लागला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, “तू कितवा बसतो?” गजू म्हणाला, तिसरा. त्यानंतर दर सुट्टीत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. या जानेवारीत गजू घरी आला तो नवीन कराराचं पत्र घेऊन. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. भगवंतराव म्हणाले, “समोर बसवत असन तं जाय. मांगंच बसाचं असन तं नऊ वर्षं पुरे झाले. घरी राह्य अन् बगीचा पाह्य.”

गजू बापाचा शब्द मोडणाऱ्यातला नाही. तो नाही कळवून मोकळा झाला असता, बगीच्यात राबला असता आणि कधी कुरकुरलाही नसता. पण आतून वाळला असता, हे मला दिसत होतं. म्हणून मी डोकं चालवलं. नको तिथं डोकं चालवायची मला खोडच आहे.

शनिवारी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार होता. त्यात गजूचं नाव मी घातलं, आणि दहा बाय सहाचा फ्लेक्स छापून बसस्टँडवर टांगला. ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे प्रमुख वादक’. माझा हिशेब सोपा होता. म्हातारा वाचेल, खूश होईल, सोमवारी सही होईल, मंगळवारी फ्लेक्स उतरवू.

भगवंतराव आले, चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, “प्रफुल्ल, माया अन् याचा फोटो काढ ना.” फ्लेक्सखाली ते हात जोडून उभे राहिले. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, पण त्यांचे एवढे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. घरी जाताना त्यांनी पावभर पेढे घेतले.

गजू माझ्या दुकानात आला तो लाल होऊन. “अबे, काय करून ठेवलं तू हे?”

“सोमवारपर्यंत लटकू दे. मंग कोन इचारते?”

“बाबूजी पेढे वाटून राहिले बे!”

“मंग चांगलंच आहे ना.”

तो बाहेर जाऊन फ्लेक्सकडे पाहत उभा राहिला. मला वाटलं, पटलं.

शनिवारी चार वाजता हॉल भरला. अध्यक्ष देवीदासबुवाच होते, आता ऐंशीचे. शाल, नारळ झालं. गजूच्या हातात माइक दिला. पहिल्या रांगेत भगवंतराव इस्त्रीचं धोतर नेसून बसले होते. गजू म्हणाला, “फ्लेक्सवर एक चूक झाली आहे. मी प्रमुख वादक नाही. आम्ही चौघं आहो, त्यात मी तिसरा आहो. तिथं जे वाजवतो तेच वाजवून दाखवतो.”

आणि खरंच वाजवलं. एक सूर सहा वेळा, मग गप्प. चार मात्रांनी दोन सूर, पुन्हा गप्प. मग तोच एक सूर लांबवर. बाकीचे तिघं असते तर त्याला काही अर्थ आला असता, एकट्यानं तो कसा यावा? आपल्याकडे मोठा कलाकार आला की पाव-पाव तास सूर जुळवत बसतो, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे सगळा हॉल अदबीनं वाट पाहत बसला. कोणी पंखा कमी केला. कोणी मागे चहा सांगितला. सहा मिनिटांनी गजूनं गज खाली घेतला, तेव्हा नत्थूजी नावाचे आमचे जुने पटवारी मोठ्या प्रेमानं ओरडले, “जुळले का गा सूर? आता होऊ द्या!”

कोणी टर उडवली नाही, हेच वाईट. गजू हसला आणि त्यानं एक ओळखीची चाल वाजवली. टाळ्या पडल्या. तोवर पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली होती.

रविवारी सकाळी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. भगवंतराव अंगणात बाजेवर बसले होते. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “तो फोटो काढून टाक तुया मोबाइलातून.”

मी मान खाली घातली. आतून गजू आला आणि ओट्यावर टेकला.  भगवंतराव त्याच्याकडे वळले.

“चाळीस वर्षं मी मांगं बसलो. पाठ पाह्यली मी त्या देवीदासची, चाळीस वर्षं. तुले मी मांगं बसाले शिकवलं नोहोतं. आता राह्य घरी. तिथं तुयाबिगर काई अडत नाही.”

“अडते, बाबूजी.”

“काय अडते? काल पाह्यलं सर्‍यायनं. एक सूर, अन् गप्प.”

गजूनं वाद घातला नाही. तो आत जाऊन वाद्य घेऊन आला, खांद्याला लावलं आणि म्हणाला, “बुवांचं ते गणपतीचं पद तुम्ही म्हणा. समोरून म्हणा. झील मी धरतो.”

“मी? समोरून?” भगवंतराव माझ्याकडे पाहायला लागले, मी काही सांगेन म्हणून. “म्या कदी म्हटलं नाही.”

“एक डाव म्हणा. मंग सांगसान तसं करीन. नको म्हणसान तं सही नाही करत.”

बापाला ते पद तोंडपाठ होतं, पण मागच्या बाजूनं. सुरुवात करणं त्यांच्या सवयीतच नव्हतं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा आवाज निघाला, कापरा, फार खाली. पहिली ओळ कशीबशी संपली. दुसऱ्या ओळीत एक अक्षर वर नेऊन धरायचं असतं. तिथं पोचता पोचता त्यांचा दम संपला. आता तुटतंय, असं म्हणून मी डोळे मिटले.

तुटलं नाही. तो जाडसर आवाज खालून आधीच आलेला होता, कधी आला ते मलाही कळलं नाही. भगवंतरावांनी निवांत श्वास घेतला आणि सूर तिथंच धरलेला त्यांना मिळाला. ते चमकले. पुढच्या ओळीत त्यांनी मुद्दाम जास्त ताणलं, पोरानं पुन्हा धरलं. मग त्यांची भीड गेली. एका शब्दावर त्यांनी बुवाही घेत नसत अशी हरकत घेतली, ती अर्ध्यात फसली, आणि फसलेली कोणाला कळायच्या आत व्हायोलानं ती सावरून जागेवर आणून ठेवली. गजूची आई, आमच्या काकू, कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, नवऱ्याला एकट्यानं गाताना त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पद संपलं. भगवंतरावांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तो पुसला नाही. ते मान वळवून पोराकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “देवीदासले असंच वाटत असन काय रे?”

“असंच वाटत असन.”

“त्यानं कदी सांगितलं नाही मले.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “चाळीस वर्षांत एकडाव मांगं वळून पाह्यलं नाही त्यानं.” आवाजात राग नव्हता. जे झालं ते सांगत होते. मग त्यांनी विचारलं, “तुयी ते बाई? ते पाह्यते काय?”

“इलोना? रोज पाह्यते. संपलं का आधी माझ्याकडं वळते, मान लववते, मंग लोकायकडं वळते.”

“रोज?”

“रोज, बाबूजी.”

भगवंतराव बाजेवरून उठले. काकूंना म्हणाले, चहा ठेव. मग गजूला म्हणाले, “मंग जाय.”